साथीचा आजार आणि घरचा हिशेब

रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते, हे मी ज्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो, त्यांतले काही जण हल्ली ती एक दिवसाआड घेतात. विचारले तर आधी "विसरतो" म्हणतात. जरा बसवून घेतले, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, की खरे कारण बाहेर येते. हप्ता! २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात घरातले कोणीतरी कोरोनाने रुग्णालयात होते, आणि त्यासाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. पतसंस्थेचा हप्ता गेला की औषधाला जे उरते त्यात महिन्याच्या गोळ्या बसत नाहीत. आरोग्याच्या सदरात बिले, पावत्या आणि व्याज कशाला, असे कोणी विचारील म्हणून हे आधीच सांगितले. साथीत ज्याचे फुप्फुस वाचले, त्याचे पुढे कर्जापायी हृदय बिघडणार असेल, तर तो विषय या सदराचाच आहे.

साथ आली की माणसांबरोबर बाजारालाही ताप चढतो. हा अनुभव कोरोनापुरता नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. लोक मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाले. टेट्रासायक्लीन ही त्या वेळची साधी, स्वस्त गोळी. ती बघता बघता दुकानांतून दिसेनाशी झाली. ज्यांना प्लेगशी काही देणेघेणे नव्हते त्यांनीही घरात साठा करून ठेवला.

मार्च २०२० मध्ये हेच मास्क आणि सॅनिटायझरच्या बाबतीत झाले. केंद्र सरकारने १३ मार्चला या दोन्ही वस्तू ३० जूनपर्यंत जीवनावश्यक म्हणून जाहीर केल्या आणि पुढच्या आठवड्यात कमाल दर बांधून दिले: दुपदरी मास्क ८ रुपये, तिपदरी १० रुपये, सॅनिटायझरची २०० मिलिलिटरची बाटली १०० रुपये. घशातल्या स्रावाच्या आरटी-पीसीआर चाचणीला खासगी प्रयोगशाळेत त्याच महिन्यात ४५०० रुपये ही कमाल मर्यादा ठरली होती. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने खाली आणत मार्च २०२१ अखेर केंद्रावर जाऊन नमुना देणाऱ्यासाठी ५०० रुपये करण्यात आली. चाचणीचे साहित्य स्वस्त झाले होते हे खरे. पण दर बांधला नसता तर त्या स्वस्ताईतला किती भाग रुग्णापर्यंत पोचला असता, याची मला शंका आहे.

शासन दर बांधते, पण बांधलेला दर कागदावर असतो आणि नातेवाईक रुग्णालयाच्या जिन्यात असतो. या दोघांची गाठ क्वचितच पडते.

ठरलेला दर आणि हातात आलेले बिल

२१ मे २०२० रोजी राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षात दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय ७५००, व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. पुढे १ जून २०२१ ला शहरांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. आपल्यासारख्या लहान गावांचा समावेश असलेल्या क वर्गात हेच दर अनुक्रमे २४००, ४५०० आणि ५४०० रुपये झाले. हे दर त्या साथीपुरते होते, आज ते लागू नाहीत. पण त्यातली एक गोष्ट पुढच्या साथीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. दिवसाचा तो दर म्हणजे नुसते खाटेचे भाडे नव्हते. डॉक्टरांची तपासणी, परिचारिकांची सेवा, जेवण, नेहमीची औषधे, रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या, एक्स-रे, ईसीजी हे सारे त्यात धरलेले होते. पीपीई किट, सीटी स्कॅन, एमआरआय यांसारख्या महाग तपासण्या आणि काही मोजकी भारी औषधे तेवढी वेगळी.

माझ्या परिचयातील एक शिक्षक दहा दिवस साध्या कक्षात होते. बरे होऊन आल्यावर त्यांनी बिल दाखवायला आणले. खाटेचा दर बरोबर लावला होता. त्याखाली मात्र डॉक्टर व्हिजिट वेगळी, नर्सिंग चार्ज वेगळा, मॉनिटर चार्ज वेगळा आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा चार्जही वेगळा! पीपीई किटचे तर रोजचे दोन संच त्यांच्या एकट्याच्या नावावर. एकच परिचारिका एकच किट घालून त्या कक्षातल्या दहा-बारा जणांना पाहून जात होती, हे गुरुजींनी खाटेवर पडल्या पडल्या स्वतः पाहिलेले.

"डॉक्टर, जीव वाचला हेच खूप, आता बिलाचं काय घेऊन बसता?" असे गुरुजींचे म्हणणे होते. त्यांच्या भाच्याचे तसे नव्हते. त्या मुलाने पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवली होती आणि मागच्या बाजूला तारीख लिहिली होती. साथीच्या काळात बिलांच्या तपासणीसाठी शासनाने लेखापरीक्षक नेमले होते. भाच्याने एक साधा अर्ज लिहिला, बिलाची प्रत जोडली. पंधरा-वीस दिवस हेलपाटे झाले, पण जादा घेतलेली रक्कम रुग्णालयाने परत केली. त्याच कक्षात शेजारच्या खाटेवर असलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांनी पैसे रोख भरले होते आणि त्यांच्याकडे कोऱ्या चिठ्ठीवर पेनने लिहिलेला आकडा होता. त्यांना काय परत मिळणार?

इथे माझे व्यवसायबंधू रागावतील, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठे बिल म्हणजे लूट, असे मी मानत नाही. त्या दिवसांत ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्र रात्र फोन करणारे, दुप्पट पगार देऊनही कामाला माणूस न मिळालेले, स्वतः आजारी पडलेले, आणि काही प्राणाला मुकलेले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. ज्यांचा हिशेब सरळ आहे त्यांना तपशीलवार बिल द्यायला अडचण पडत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

घरातला एक माणूस हिशेबाला

आजारपणात आपल्याकडे कामांची वाटणी आपोआप होते. एक जण रुग्णाजवळ, एक जण डब्याला, एक जण औषधाच्या दुकानात, बाकीचे फोनवर. हिशेबाला मात्र कोणी नसतो. मागतील तसे पैसे ज्याच्या खिशात असतील तो भरतो. माझी सूचना अशी, की दाखल करण्याच्या दिवशीच एका माणसाकडे हे काम सोपवावे. तो वयाने मोठा असण्याची गरज नाही. कॉलेजात जाणारी मुलगी असेल तरी चालेल, किंबहुना जास्त चांगले. तिला प्रश्न विचारायचा संकोच वाटत नाही. तिने रुग्णाची काळजी करू नये असे नव्हे, पण तिच्या हातात एक वही आणि एक पिशवी असावी.

पहिल्याच दिवशी तिने विचारायचा प्रश्न हा: या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे का, आणि आरोग्यमित्र कुठे बसतात? बहुतेक लोक हा प्रश्न घरी सोडायच्या दिवशी विचारतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. २०२० च्या मे महिन्यात शासनाने ही योजना पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती न ठेवता राज्यातील सर्वांसाठी खुली केली होती. तरीही ज्यांना ती ठाऊक नव्हती अशी कितीतरी घरे मी पाहिली. आता योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्डाची प्रत आजारपण येण्याआधीच काढून ठेवावी. रात्री अकरा वाजता झेरॉक्सचे दुकान उघडे नसते.

मग अनामत रकमेची पावती. मग दर दोन-तीन दिवसांनी, "आजपर्यंतचे बिल किती झाले ते छापून द्या," अशी शांतपणे केलेली मागणी. शेवटच्या दिवशी एकदम आठ पानांचे बिल आले की माणूस गांगरतो; रोज एक पान आले तर त्यातली चूक दिसते. आणि औषधे. रुग्णाच्या नावे वर गेलेली इंजेक्शने सगळीच वापरली जातात असे नाही. उपचार बदलले, रुग्ण दुसऱ्या विभागात हलवला, तर न फोडलेल्या कुप्या उरतात. त्या दुकानात परत देऊन तेवढी रक्कम वजा झाली का, हे वहीतल्या नोंदीवरूनच कळते. औषध रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यावे अशी सक्ती करता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत औषध कोठून घ्यावे हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. अर्थात मध्यरात्री जीव टांगणीला असताना शंभर रुपये वाचवायला कोणी गावभर फिरू नये, इतके तारतम्य हवेच.

पैसे राहिले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचे प्रकार साथीत कानावर आले. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार तसे करता येत नाही, आणि दरपत्रक व रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आपल्या तालुक्यातल्या किती रुग्णालयांत ती लावलेली आहे, हे वाचकांनी पुढच्या खेपेस जाताना पाहावे. तक्रार असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय अर्ज देणे म्हणजे तो न दिल्यासारखेच.

एका इंजेक्शनापायी

रेमडेसिविर हे नाव कोणत्याही वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये या इंजेक्शनसाठी माणसे जिल्हा ओलांडून रात्रीच्या रात्री गेली. १७ एप्रिलला केंद्र सरकारच्या मध्यस्थीने कंपन्यांनी किमती उतरवल्या. एका कंपनीची २८०० रुपयांची कुपी ८९९ रुपयांवर आली. पण छापील किमतीला विचारतो कोण? काळ्या बाजारात तीच कुपी पंधरा-वीस हजारांना आणि त्याहूनही अधिक भावाने गेली. काही ठिकाणी तर भरलेल्या पाण्याच्या कुप्या विकल्या गेल्या.

वाईट याचे वाटते, की जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, म्हणजे पाच महिने आधी, रुग्णालयातील कोरोना रुग्णांना हे औषध देऊ नये अशी शिफारस केली होती. मृत्यू टळतात असा पुरेसा पुरावा नव्हता. पुढे काही ठराविक रुग्णांना, आजाराच्या सुरुवातीला, त्याचा उपयोग मान्य झाला. पण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला वाचवणारे ते संजीवनी औषध नव्हते. त्यासाठी दागिने मोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. डेक्सामेथासोनसारखे काही रुपयांचे स्टिरॉइड, ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाचे प्राण खरोखर वाचवू शकते हे जून २०२० मध्येच दिसले होते. ते स्वस्त असल्यामुळे त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेना!

म्हणून महागडे औषध "बाहेरून आणा" असे सांगितले गेले तर दोन प्रश्न विचारावेत. हे दिले नाही तर काय होईल? आणि याऐवजी काही आहे का? डॉक्टरांना हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. मला कोणी विचारले तर मी रागावत नाही.

कर्ज काढताना

साथीत पैसे लागतात तेव्हा माणूस तीन दारे ठोठावतो: बँक किंवा पतसंस्था, सोन्याचे तारण, आणि सावकार.

बँकेच्या बाबतीत २०२० साली एक मोठा गैरसमज झाला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. पुष्कळांना वाटले हप्ते माफ झाले. माफ काहीच झाले नव्हते, व्याज चालूच होते. समजा, ८ लाखांचे घरकर्ज, दर साल ९ टक्के व्याज, पंधरा वर्षांची मुदत, हप्ता सुमारे ८१०० रुपये. कर्जाच्या सुरुवातीलाच सहा हप्ते थांबवले, तर ३६ हजारांच्या वर व्याज मुद्दलात मिळते, आणि हप्ता तेवढाच ठेवला तर शेवटी अठरा-एकोणीस हप्ते वाढतात. व्याजावरचे व्याज पुढे सरकारने परत दिले आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कोणाकडून घेऊ नये असे सांगितले. पण ती रक्कम किरकोळ होती, मूळ व्याज राहिलेच. ज्याची मिळकत खरोखर थांबली त्याने सवलत घेणे योग्यच होते. ज्याचा पगार चालू होता आणि "मिळतेय तर घेऊ" म्हणून घेतली, त्याचे नुकसान झाले.

सोन्याचे तसेच. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याचा भाव चढलेला होता, आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना तारण सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला मार्च २०२१ पर्यंत परवानगी दिली. लोकांनी भरपूर उचलले. पुढच्या मार्चपर्यंत भाव बराच उतरला आणि तारण कमी पडते म्हणून बँकांच्या नोटिसा आल्या. सोने गहाण ठेवताना मिळेल तेवढे नव्हे, लागेल तेवढेच घ्यावे, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते.

एक रक्कम मात्र पुष्कळ घरांनी मागितलीच नाही. मृताच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमारास ३३० रुपये वजा झालेले असतील तर ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची वर्गणी होती (आता ती ४३६ रुपये आहे), आणि वारसाला २ लाख रुपये मिळायला हवे होते. मृत्यू कोरोनाने झाला म्हणून हे पैसे अडत नाहीत. घरी पासबुके असतील तर आजच्या आज ती पाने पाहून घ्यावीत आणि आपल्या नावाचा वारस लावला आहे ना, हेही बघावे. आरोग्यविम्याचा दावा कंपनीने नाकारला किंवा कापला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईला आणि पुण्याला आहेत. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

रुग्णालयाविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते का, असे मला नेहमी विचारतात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्येच दिला आहे. सर्वांना मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालये मात्र त्यात येत नाहीत. जुन्या ग्राहक मंचाला आता जिल्हा आयोग म्हणतात. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. साथीमुळे न्यायालयाने वाढवून दिलेली मुदत धरली तरी २०२१ च्या बिलांची वेळ आता निघून गेली आहे. उशिराचे सबळ कारण दाखवता आले तर आयोग ऐकून घेऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये.

सावकाराच्या बाबतीत मात्र वेळ गेलेली नाही, आणि हे मला विशेष करून सांगायचे आहे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के, आणि इतरांकडून १५ व १८ टक्के एवढाच दर लावता येतो. त्या दोन लाटांत रातोरात पैसे उभे करायचे म्हणून अनेकांनी जमिनीचे खरेदीखत करून दिले. तोंडी बोली अशी, की पैसे फेडले की जमीन परत. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ साली झाला. अशी जमीन कर्जाच्या तारणापोटी गेली आहे असे चौकशीत दिसले, तर जिल्हा उपनिबंधकांना ते खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढता येतो. व्यवहार अर्जाच्या तारखेपासून मागच्या पंधरा वर्षांतला असावा लागतो. २०२१ चा व्यवहार त्यात सहज बसतो.

अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात देता येतो. सोबत खरेदीखताची प्रत, सातबारा, पैसे घेतल्या-दिल्याची कोणतीही नोंद जोडावी, मग ते बँकेचे पान असो की वहीतला आकडा. त्याच दिवसांतले रुग्णालयाचे बिल सापडले तर तेही जोडावे. जमीन विकायची इच्छा नव्हती, पैशाची निकड होती, हे त्यावरून दाखवता येते. जमिनीचा ताबा अजून तुमच्याकडेच असेल, पीक तुम्हीच घेत असाल, तर शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे तसे जबाबही द्यावेत.